तुमच्या गाडीचे गुणदोष सांगा : अनुभव धागा

घाटवाट
परवा चिपळूणच्या पंपावर एक मारुती ८०० दिसली. बारा इंची चाकं, काळे बंपर, सगळं जागच्या जागी. १९८३ ला आलेली ही गाडी २०१४ च्या जानेवारीत बंद झाली. ७९६ सीसीवर कुंभार्ली चढायचा तर एसी बंद करायचा, हे तेव्हा मागच्या सीटवरच्या पोरांनाही ठाऊक असायचं. आता गाडीतले टचस्क्रीन मोठे झाले, पण कुठे काय बंद करायचं ते कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा. कंपनी काय म्हणते ते नको, ते यूट्यूबवर ढीगभर आहे. रोज चालवताना गाडी कुठे साथ देते आणि कुठे रडते, तेवढं लिहा.

सुरुवात करतो. स्विफ्ट-डिझायरचं जुनं १२४८ सीसी डिझेल. हायवेला मस्त, टाकी भरली की विसरून जायचं. पण २००० आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला असतो. घाटातल्या उलट्या वळणावर दुसऱ्या गिअरला आळशीपणा केला की पाय कितीही दाबा, गाडी ढिम्म. वळणात शिरायच्या आधीच गिअर खाली घ्यायचा. टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलायची भानगड नाही. मात्र ऑइल लांबवलं तर चेनचा टेन्शनर ढिला पडतो आणि सकाळी स्टार्टला खडखड ऐकू येते.

मंजिरी_कोथरूड
एएमटी घेणाऱ्यांनो, एक गोष्ट लक्षात ठेवा. एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधाच क्लच, फक्त क्लच दाबणारा पाय तुमचा नसून मशीनचा. त्यामुळे चढावर सिग्नलला गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरली की आत हाफ क्लच चालू राहतो आणि प्लेट जळते. ब्रेकवर थांबा. हिल होल्ड (चढावर गाडी मागे सरकू न देणारी सोय) असला तरी तो दोनेक सेकंदच धरतो. सोसायटीच्या बेसमेंटची चढण असेल तर हँडब्रेक ओढा, ॲक्सिलरेटर द्या, गाडी ओढायला लागली की हँडब्रेक सोडा. ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकण्यापेक्षा पुढे एका गाडीची जागा होऊ द्या, मग हला. बाकी सिंहगड रोडला संध्याकाळी सातला एएमटीसारखं सुख नाही.

कुकर झाला, पळते.

अण्णा_सातारकर
+१ मंजिरीताई. मागचे हॉर्न वाजवतात पण जागा सोडली की 😄

विदर्भवासी
बोलेरोबद्दल कोणीच बोललं नाही? मागे स्प्रिंगच्या जागी पाटे आहेत पाटे. रिकामी गाडी खड्ड्यात उड्या मारते, मागच्या आडव्या सीटवर बसणाऱ्याचं डोकं टपाला लागते. पण सात माणसं न् दोन पोती टाकली की गाडी कशी चिपकून चालते. लॅडर चेसिस, मागच्या चाकाला पॉवर, गावातला कोणताही मेकॅनिक उघडून बसतो. हायवेला मात्र ८०-९० च्या वर नेऊ नका. उंच गाडी आहे, झटक्याने लेन बदलली तर डोलते. पाट्यांचे बुश आणि शॅकल पिना वेळच्या वेळी बघायच्या. कुरकुर ऐकू आली की बुश गेले समजा. ग्रीस मारून आवाज जातो, बुश भरून येत नाहीत.

नंदू_देवगड
मागच्या चाकाच्या पॉवरवरून आठवलं. कोकणात घरापर्यंतची चढण जांभ्याची असते आणि जुलैत तिच्यावर शेवाळ. पुढच्या चाकाला पॉवर असलेल्या गाडीत मागे माणसं-सामान भरलं की पुढचा भाग हलका होतो, चाकं जागीच फिरतात. वजन मागे आहे ते पुढे आणा, मागच्या माणसांना उतरवा. तरी नाही चढली तर गाडी फिरवून रिव्हर्सने चढवा. चढावर वजन खालच्या बाजूला सरकतं आणि आता तिकडेच पॉवरची चाकं असतात. माझं मत, अशा घरांना इनोव्हा क्रिस्टा बरी पडते, मागून ढकलते. हायक्रॉस आरामशीर, ॲव्हरेजला उजवी, पण ती पुढून ओढणारी आहे हे बघून घ्या.

दुसरं, पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. मागचे ड्रम ओले असतात, लायनर चिकटून बसतात. पहिल्या गिअरला टाका, चाकाखाली दगड लावा. चिकटलेच तर जोर करून ओढू नका, हळूच मागे-पुढे करा. 'टक्' आवाज आला की सुटले.

प्राची_ठाणे
माझा प्रश्न थोडा अवांतर आहे. उंदरांचं काय करता??

डिझेलवाला
प्राची, उंदरांवर वेगळा धागा निघेल, थांबा जरा.

बीएस६ डिझेलवाले कोणी आहेत का इथे? २०२० पासूनच्या डिझेलला सायलेन्सरच्या रस्त्यात डीपीएफ म्हणजे धुराचा फिल्टर असतो. त्यात काजळी साठते आणि ती जाळायला गाडीला सलग गरम चालावं लागतं. घर ते ऑफिस चार किलोमीटर असेल तर ती कधीच पुरती जळत नाही. मग दिवा लागतो. दिवा लागला तर घाबरू नका आणि गाडी बंदही करू नका. मोकळ्या रस्त्यावर साठच्या पुढे, इंजिन २००० च्या आसपास ठेवून १५-२० मिनिटं चालवा. मध्येच इंजिन बंद केलं की अर्धवट राहतं, आणि असं वारंवार झालं की काही गाड्यांत जादाचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघा. पातळी वर गेलेली दिसली आणि डिझेलचा वास आला तर ऑइल लगेच बदला. महिन्याला हजार किलोमीटर होत नसतील तर डिझेल घेऊच नका.

अण्णा_सातारकर
आणि हो, डीपीएफवाल्या गाडीला लो-ॲश म्हणजे कमी राख सोडणारं ऑइल लागतं. मॅन्युअलमधला ग्रेड बघा, दुकानदार देईल ते ओतू नका.

सीएनजी_सखाराम
वॅगनआर सीएनजी. गुण : खर्च. दोष : डिकी. संपलं 😂

बरं, नीट लिहितो. साठ लिटरचा सिलिंडर म्हणजे साठ किलो गॅस नव्हे, भरतो आठ-नऊ किलो. पंपावर प्रेशर २०० बार नसेल तर त्याहून कमी. दुपारी उन्हात भरला तर आणखी कमी, पहाटे भरा. पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका. गाडी पेट्रोलवरच स्टार्ट होते आणि पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, त्यानेच थंड राहतो. रोज दोनेक किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा, इंजेक्टर चोंदत नाहीत. सीएनजीला ठिणगी जोरकस लागते, त्यामुळे स्पार्क प्लग लवकर बदलावे लागतात. चढावर गाडी मिसफायर करायला लागली की आधी प्लग बघा, मग बाकीचं. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची) तीन वर्षांनी, तारीख सिलिंडरच्या प्लेटवर असते.

टाटाने ३०-३० लिटरचे दोन सिलिंडर डिकीच्या तळाशी आडवे टाकले, त्याला मानलं. दोन बॅगा बसतात. पण स्टेपनी कुठे दिलीय की नुसतंच पंक्चर किट हातात ठेवलंय, ते मॉडेलप्रमाणे बदलतं. शोरूममध्येच मजला उचलून बघा.

घाटवाट
सखाराम, वॅगनआरमध्ये चढता-उतरताना गुडघे दुखत नाहीत हा गुण राहिला. सीट ना खाली ना वर, नेमकी कमरेच्या उंचीला. ज्येष्ठांसाठी यापुढे बाकी सगळं माफ.

ऋता_म
माफ कसं? ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये २०२३ ला एक स्टार आहे तिला. नेक्सॉनला २०१८ लाच पाच मिळाले होते, आणि २०२४ च्या नव्या डिझायरलाही पाच. तेव्हा 'छोटी गाडी म्हणजे पत्राच' हे आता चालणार नाही.

घाटवाट
मान्य. पण आईला नेक्सॉनमध्ये चढताना दरवाज्याचं हँडल धरावं लागतं, ते कोणत्या स्टारमध्ये बसवू? :)

ऋता_म
पायरी लावा. दोन्ही होईल.

विदर्भवासी
समृद्धीवर जाणाऱ्यांसाठी. ७०१ किलोमीटर, बहुतेक सरळ, सिमेंटचा रस्ता, कारला सपाटीवर १२० ची मर्यादा. उन्हाळ्यात टायर तापून हवा तीन-चार पीएसआयने वाढते. ती काढायची नाही! हवा गार टायरमध्ये, ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरप्रमाणे भरायची. गाडी भरलेली असेल तर त्याच स्टिकरवर फुल लोडचा वेगळा आकडा असतो. 'सिमेंट रोड आहे, हवा कमी ठेवा' असं सांगणारे भेटतात. कमी हवेने टायरची बाजू जास्त दबते, तापते आणि तिथूनच फुटतो. टायरवर चार आकडी कोड बघा : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक आहे म्हणून असला टायर घेऊन १२० ने जाऊ नका, बाजूला बारीक भेगा दिसल्या तर शहरातसुद्धा नको.

इलेक्ट्रिक_बाबा
ईव्हीवाले गप्प का? पहिल्या नेक्सॉन ईव्हीचं उदाहरण घ्या. ३०.२ युनिटची बॅटरी, कागदावर ३१२ किलोमीटर, रस्त्यावर दोनशेच्या आसपास धरून चाला. एक्सप्रेस वेला शंभरने गेलात तर त्याहून कमी. हा कागदावरचा आकडा देणाऱ्या पुण्याच्या एआरएआयचं ऑफिस टेकडीवर असलं तरी त्यांची चाचणी रोलरवर होते, पसरणी घाटात नाही!

घाट चढताना टक्के भराभर उतरतात, उतरताना थोडे परत येतात. पण बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर परत येणारी वीज ठेवायला जागा नसते. रिजन (उतारावर वीज परत करणारं ब्रेकिंग) चालत नाही, सगळा भार साध्या ब्रेकवर पडतो. तेव्हा महाबळेश्वरला मुक्काम असेल तर ९० ला चार्जिंग बंद करा आणि मग खाली उतरा. घरी १५ ॲम्पियरच्या सॉकेटवर चार्जिंगला अख्खी रात्र लागते. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर सुरूच होत नाही आणि लोक गाडीला शिव्या देतात. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. सॉकेटही चांगला घ्या, स्वस्तातला वितळतो.

अण्णा_सातारकर
ब्रेकचा विषय निघालाच आहे म्हणून. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवणारे शहाणे अजून आहेत. नव्या गाड्या गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजेक्टर बंद करतात, तेव्हा पेट्रोल शून्य. न्यूट्रलला मात्र आयडलिंगचं पेट्रोल जळतंच, वर ब्रेक तापतात. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, तापलं की त्याची वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं.

मंजिरी_कोथरूड
कुकर आटोपला, परत आले. पावसात काच धुरकटते त्यावर कोणी लिहिलं का? फडकं घेऊन पुसत बसू नका. एसी चालू, हवा काचेकडे, आणि रिसर्क्युलेशन बंद म्हणजे बाहेरची हवा आत. आतली ओलसर हवाच फिरवत राहिलात तर माळशेजमध्ये काही दिसणार नाही. बाहेरून धुकं बसत असेल तर उलट, एसीचं थंड वारं काचेवरून हटवा आणि वायपर मारा.

नंदू_देवगड
वायपरच्या खालच्या जाळीत आंब्याची पानं अडकतात, तीही काढा. पाणी जायची भोकं बुजली की ते फिरून आत येतं आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग ओलं होतं. लोक काचेचं रबर बदलत बसतात.

प्राची_ठाणे
होंडा सिटी घ्यावी का? पार्किंगच्या रॅम्पला घासते म्हणतात. आणि उंदीर 🙏

डिझेलवाला
सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमी, तोही रिकाम्या गाडीचा. चार माणसं बसली की मधला भाग खाली येतो. रॅम्पवर आणि उंच गतिरोधकावर तिरकी घ्या, एकेक चाक चढवा. इंजिन मात्र लोण्यासारखं. थोडं फिरवावं लागतं, ओढ वरच्या आरपीएमला आहे.

सीएनजी_सखाराम
प्राचीताई, उंदरांसाठी : एसीच्या हवेच्या तोंडाला बारीक तारेची जाळी. तिथूनच ते केबिन फिल्टरपर्यंत जातात आणि फिल्टरच्या कागदाचं घर करतात. बॉनेटखाली तंबाखूची पानं कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवतात, फॅनबेल्टपासून लांब, आणि पंधरा दिवसांनी बदलतात. गाडीत खाऊ, बिस्किटाचा चुरा काही ठेवू नका. गाडी रोज एका जागी उभी न करता जागा बदला. कुरतडलेली वायर दिसली तर नुसती टेप मारू नका, सोल्डर करून वर स्लीव्ह चढवा.

प्राची_ठाणे
धन्यवाद! तंबाखू कुठली, गायछाप चालेल का?

अण्णा_सातारकर
चालेल, पण चुना वेगळा ठेवा, नाहीतर उंदीर मळून खातील.