मदत हवी आहे: लहान मुलांकडून करून घेण्यासारखं सोपं हस्तकाम (तातडीने!)

शलाका_वि
नमस्कार. शनिवारसाठी मुलांकडून करून घेता येईल असं सोपं पण जरा वेगळं काहीतरी सुचवा. कागदी फुलपाखरू, हाताच्या पंजाचा मोर, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर हे सगळं झालंय, ते नको. यूट्यूबच्या लिंका देऊ नका. त्यात 'सोपं' म्हणून जे दाखवतात ते मलाच जमत नाही. प्लीज लवकर सांगा, सामान आणायचंय.

दगडू_तासगावकर
मुलं म्हणजे केवढी? किती जणं? घरी का शाळेत? आधी ते सांगा की ताई.

निवांत
ओरिगामी! कागदाचा बेडूक, होडी, विमान. खर्च नाही, पसारा नाही. आमचा मुलगा पाचवीत डोळे मिटून बेडूक करायचा.

शलाका_वि
पाचवीतली नाहीत हो. प्ले ग्रुप आणि नर्सरी. घडी घाल म्हटलं की कागद चुरगाळून फेकतात.

निवृत्त_कलाशिक्षक
पाया लहानपणीच पक्का व्हायला हवा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांसाठी स्थिरचित्र, स्मरणचित्र आणि अक्षरलेखनाचा सराव आवश्यक असतो. इंटरमिजिएटचे वाढीव गुण दहावीला मिळतात. पालकांनी गांभीर्याने घ्यावे.

दगडू_तासगावकर
सर, प्ले ग्रुप म्हणत्यात त्या. पोरांना अजून चड्डीचं बटण लावता येत नाही.

आक्का_हरिपूर
हळदीच्या सांगलीत राहून रंग विकत कशाला आणता? हळद घ्या. पाण्यात दाटसर कालवायची, कोऱ्या कागदावर फासायची आणि कडक वाळू द्यायची. हे आदल्या दिवशी तुम्हीच करून ठेवा. मग मुलांना वाटीत खायच्या सोड्याचं पाणी आणि कान साफ करायच्या कापसाच्या काड्या द्या. पिवळ्या कागदावर रेघ ओढली की तिथं तांबडं उमटतं! मुलं आ वासून बघतात. त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळं. धुण्याचा सोडा मात्र देऊ नका, हाताला झोंबतो.

पुस्तककिडा_सातारा
वा आक्का! हळदीतलं कुर्क्युमिन हे पिवळं रंगद्रव्य सोड्यासारख्या अल्कलीत लाल होतं. पूर्वी कुंकू हळदीचंच करायचे ते याच गुणावर.

शलाका_वि
हळद अजिबात नको!! हॉल भाड्याचा आहे, पांढरी फरशी. मागे पोस्टर कलर सांडला तेव्हा मालकांनी जे ऐकवलं ते परत ऐकायचं नाही.

दगडू_तासगावकर
हे आता सांगताय होय!

आक्का_हरिपूर
खाली जुनी ताडपत्री अंथरा. आणि हळदीचा डाग कापडावर पडला तर साबण लावल्यावर लाल दिसतो, तेव्हा घाबरून घासत बसू नका. खळबळून उन्हात टाका, उन्हानं उडतो. आमचा जन्म हळदीत गेला. हरिपूरला जमिनीखाली पेवं, म्हणजे खोल खड्डे होते, वर्षानुवर्षं हळद राहायची त्यात. 2005च्या पुरात बरीच गेली.

मिरजमार्गे
आक्का, पेवात उतरायच्या आधी दिवा सोडून बघायचे ना? आमचे आजोबा सांगायचे.

आक्का_हरिपूर
होय तर. दिवा विझला की माणूस उतरत नसे. आत हवा खराब असायची.

शलाका_वि
शनिवार!!!

गौरी_कोल्हापूरकर
मी दरवर्षी पुठ्ठ्यावर गोंद लावून कडधान्यं, मणी आणि गुंजा चिकटवून घेते. लालकाळ्या गुंजा इतक्या गोड दिसतात! घरी न्यायला शोभेची वस्तू होते.

डॉ_आजोबा
गुंजा? गुंजेचं बी विषारी असतं. चावून फुटलं तर जिवावर बेतू शकतं. वर्गात ठेवूच नका. या वयाला मणी आणि कडधान्यंही नकोत. नाकात घातलेला हरभरा ओला होऊन फुगतो आणि मग काढताना आईबाप, डॉक्टर, पोर सगळेच रडकुंडीला येतात.

गौरी_कोल्हापूरकर
आमच्याकडे कधी कोणाला काही झालं नाही. इतकं घाबरून मुलं वाढवता येत नाहीत.

डॉ_आजोबा
कडधान्याबद्दल वाद घाला हवं तर. गुंजेबद्दल नको.

मिरजमार्गे
बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला करतो तसे मातीचे बैल करून घ्या. शाडू नाही, कुंभाराकडून मळलेली साधी चिकणमाती आणायची. शिंगं कशीही वळली तरी बैल बैलच दिसतो.

शलाका_वि
माती + पांढरी फरशी? तीन ते साडेचार वर्षांची बावीस मुलं आहेत, बाहेर एकच नळ, मी आणि एक मावशी. शेवटच्या अर्ध्या तासात पालक येणार आहेत. भिंतीवर सगळ्यांचं लावायचं आहे आणि सगळ्यांचं चांगलं दिसायला हवं. मागच्या वर्षी एका आईने "आमच्याच्या कागदावर नुसत्या रेघोट्या का?" असं विचारलं होतं.

बालवाडीताई_कराड
आता कळलं खरं दुखणं. शलाकाताई, रागावू नका, पण बावीस चित्रं एकसारखी हवी असतील तर ती रात्री बसून तुम्हीच पूर्ण करणार. फुलपाखरू तुम्ही रंगवायचं आणि खाली नाव अथर्वचं. पालकांना ते कळतं बरं का. साडेतीन वर्षांचं मूल रेघोट्याच काढणार, तेच त्याचं काम आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा आसपासचं साधं सामानच हाताशी घेतलं होतं.

गौरी_कोल्हापूरकर
बोलायला सोपं आहे. फी भरणाऱ्या पालकाला हातात काहीतरी द्यावं लागतं.

बालवाडीताई_कराड
द्या की. भेंडीचे ठसे द्या. जरा निबर भेंडी आणा, कोवळी दाबली की चेपते. देठाकडचा भाग दोन बोटं लांब ठेवून आडवी कापायची, म्हणजे देठ मुठीत बसतो. कापलेली बाजू फडक्याने पुसून थोडा वेळ वाऱ्यावर ठेवा, नाहीतर चिकामुळे ठसा सरकतो. रंग वाटीत नको, सांडतो. स्टीलच्या ताटलीत ओली चिंधी पसरून तिच्यावर दाट रंग चोपडा, शाईच्या पॅडसारखा. कसाही ठसा मारला तरी पाच पाकळ्यांचं फूल उमटतं, त्यामुळे भिंतीवर बावीसही छान दिसतील आणि काम मुलांचंच राहील. पाच-पाच जणांना बसवा, बाकीच्यांना मावशी बाहेर नेऊन गाणी म्हणून घेतील.

निवांत
भेंडीचा भाव बघितलात का? जुना कागद फुकट मिळतो.

शलाका_वि
भेंडी चालेल. दोन रंग पुरेत ना? लाल आणि निळा आहे.

बालवाडीताई_कराड
लाल-पिवळा घ्या. निळा-लाल मिसळून शेवटी सगळं वांग्याच्या रंगाचं होतं. पिवळा मिसळला तर निदान केशरी येतो. ज्यांचं लवकर होईल त्यांच्या हातात पांढरा मेणखडू द्या. कोऱ्या कागदावर गिरगटू द्या आणि वरून तुम्ही पातळ निळं पाणी फिरवा. मेणावर पाणी धरत नाही, त्यामुळे पांढरी रेघ उघडी पडते. ज्या आईला रेघोट्या आवडल्या नव्हत्या तिला हा कागद द्या.

शलाका_वि
थँक्यू! बाकी जमेल. फक्त बावीस ओले कागद वाळत घालायचे कुठे? पालक येईपर्यंत वाळायला हवेत.

दगडू_तासगावकर
खिडकीच्या गजांना सुतळी बांधा आणि कपड्याचे चिमटे लावा. पोराच्या डोक्याच्या वर बांधा म्हणजे झालं. आणि नावं कागदाच्या मागं आधीच घालून ठेवा, न्हाईतर पालक आल्यावर कुणाचं कुठलं ते हुडकत बसाल.