जपानमधल्या ओकायामाचं कोराकुएन: अडीच तासांत होईल का?

प्रश्न: पुण्याचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून केलं, ते कोराकुएन बघायचंय. ओकायामा स्टेशनवर अडीचच तास आहेत. कसं जमवावं?

उत्तर १: जमेल. हिगाशियामाकडची ट्राम धरा, शिरोशिताला उतरा, पुढे दहा मिनिटं पायी. बाग १३ हेक्टरची. दीड तास ठेवा. आधी युइशिनझान टेकडी चढा. उंची जेमतेम ६ मीटर, पण तळं, हिरवळ आणि नदीपलीकडचा काळा किल्ला एका नजरेत येतो. किल्ला बागेबाहेरचा, तरी मांडणीत धरलेला. याला ‘शाक्केइ’ म्हणतात, म्हणजे उसनं घेतलेलं दृश्य. टेकडी शेवटी ठेवली तर बागेची रचना उलगडतच नाही.

उत्तर २: र्‍यूतेन मंडप अजिबात चुकवू नका. खालचा मजला चारी बाजूंनी उघडा, मधोमध ओहोळ वाहतो आणि त्यात सहा सुंदर दगड! तिथे दहा मिनिटं तरी टेकाच. बाकी बाग मोकळी आहे, सावली कमी. उन्हाळ्यात टोपी हवीच.

उत्तर ३: ऑक्टोबर ते १९ मार्च बाग पाचलाच बंद होते, एरवी सहाला. किल्लाही बघायचा तर दक्षिण दरवाजातून बाहेर पडा, त्सुकिमी पूल ओलांडला की समोरच.