चार वर्षांची पदवी आणि रुग्णाची अंघोळ

रात्रपाळी:
‘बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे घालवून जर्मनीला जाणे म्हणजे म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला जाणे’, हे ‘पदवीधर’ यांचे वाक्य वाचून मला राहवले नाही. मी तीन वर्षे स्टुटगार्टजवळच्या रुग्णालयात काम करते. इथे रुग्णाचे अंग पुसणे, त्याला भरवणे, कूस बदलून देणे ही परिचारिकेचीच कामे आहेत, कारण पाठीवर लाल पडलेली त्वचा किंवा गिळताना लागणारा ठसका त्याच वेळी लक्षात येतो. आपल्याकडे ही कामे नातेवाईक आणि मावशी करतात, म्हणून ती हलकी ठरली. मला जड गेली ती भाषा. जर्मन भाषेची बी-टू पातळीची परीक्षा उत्तीर्ण होऊन आले आणि पहिल्याच सकाळी एका आजींचे श्वाबी, म्हणजे इथल्या बोलीतले, बोलणे मला कळेना.

पदवीधर:
अंघोळीचे तत्त्वज्ञान उत्तम आहे. परंतु आपल्याकडे जी सिस्टर अंधारातही शीर शोधते, तिला तिकडे अनेक ठिकाणी रक्त काढण्यासाठी डॉक्टरांची वाट पाहावी लागते, आणि पदवीला मान्यता मिळेपर्यंत मदतनिसाच्या पगारावर राबावे लागते. माझी बहीण सध्या तेच भोगत आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा हे कोणी ठळकपणे सांगितले होते का?

मावशीची लेक:
माझी आई बावीस वर्षे एका रुग्णालयात कंत्राटी मावशी होती. पाठीवरची जखम तिला सिस्टरांच्या आधी दिसायची, पण सांगायला गेली की ‘तुम्ही बेडपॅन बघा’ असे उत्तर मिळायचे. तेच काम युरोपात केले की शास्त्र होते, हे वाचून करमणूक झाली.

रात्रपाळी:
तुमच्या आईंना तसे बोलणाऱ्यांत मी नव्हते. साठ रुग्णांमागे दोन सिस्टर असताना कोणी कोणाचे ऐकायचे?

मावशीची लेक:
साठ रुग्णांच्या त्याच वॉर्डात मावशी एकच होती, ताई.

पदवीधर:
मावशींवरून भांडण चालू असताना मी बहिणीला फोन केला. तिची मान्यतेची परीक्षा मागच्या वेळी हुकली ती प्रात्यक्षिकात, आणि तेही रुग्णाचे अंग पुसून देताना. पाणी, टॉवेल सगळे जागेवर होते, पण बाईसाहेब रुग्णाशी एक शब्द बोलल्या नाहीत. घ्या, झाले समाधान? पगाराचा मुद्दा मात्र मी मागे घेत नाही.