टर्मिनलमधले शॉर्टकट : तुमच्या बोटांत कोणते बसलेत?

टर्मिनल म्हणजे माउसऐवजी कमांड लिहून संगणक चालवायची खिडकी. परवा नव्याने रुजू झालेल्या एका मुलीशेजारी बसले होते. तिने लांबलचक कमांड लिहिली, सुरुवातीचाच शब्द चुकला म्हणून डावा बाण दाबून धरला आणि कर्सर सरकायची वाट बघत राहिली. मी कंट्रोल-ए दाबून दाखवलं. "ताई, हे मला आजवर कुणी सांगितलंच नाही!" म्हणाली. कोण सांगणार? या गोष्टी शेजारच्या खुर्चीवरूनच शिकल्या जातात. म्हणून हा धागा. कुठला शॉर्टकट कामी आला, कुठला अंगाशी आला, दोन्ही लिहा.

माझी रोजची शिदोरी अशी : कंट्रोल-ए ओळीच्या सुरुवातीला, कंट्रोल-ई शेवटी, कंट्रोल-डब्ल्यूने मागचा शब्द जातो, कंट्रोल-यूने कर्सरच्या डावीकडचं सगळं, आणि पुसलेलं परत हवं तर कंट्रोल-वाय. हे बॅशमधलं, म्हणजे आपण लिहिलेली कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममधलं. २०१९ पासून मॅकवर मुळातच झेडशेल हा तसाच दुसरा प्रोग्रॅम येतो, तिथे कंट्रोल-यू अख्खी ओळ पुसतं.

*

मी कोकणातून घरी बसून काम करतो. पावसाळ्यात नेट इतकं मंद होतं की दाबलेली कळ सर्व्हरपर्यंत जाऊन परत आल्याशिवाय अक्षर उमटत नाही. तीस वेळा बाण म्हणजे तीस खेपा, कंट्रोल-ए म्हणजे एक. पण खरा आधार टीमक्सचा, म्हणजे सर्व्हरवर आपलं टर्मिनल चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचा. कंट्रोल-बी, मग डी दाबून बाहेर पडायचं. मध्येच लाइट गेली तरी तिकडे काम चालूच राहतं, पुन्हा जोडलं की होतं तिथून पुढे.

*

कंट्रोल-एसबद्दल सांगायलाच हवं. पहिल्याच नोकरीत हाताच्या सवयीने 'सेव्ह' म्हणून दाबलं आणि टर्मिनल गोठलं. काहीही दाबा, उमटेना. सर्व्हरच बसला असं वाटून घाम फुटला. मागून एक सीनियर आले, कंट्रोल-क्यू दाबलं आणि मी घाबरून दाबलेली सगळी अक्षरं एकदम उमटली. टेलिटाइपच्या, म्हणजे तारेवरून चालणाऱ्या टंकयंत्रांच्या काळात यंत्राला 'थांब' आणि 'चल' सांगायचे हे दोन इशारे होते, ते अजून टिकून आहेत. नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी हे सांगतो.

*

माझा अनुभव कडू आहे, पण कुणाचं तरी नुकसान वाचेल म्हणून लिहितो.

उद्गारचिन्ह आणि पुढे एखादं अक्षर लिहिलं, की त्या अक्षराने सुरू होणारी सर्वांत अलीकडची कमांड पुन्हा चालते. मी दिवसभर !आर लिहून आरसिंक, म्हणजे फाइली दुसरीकडे उतरवणारी कमांड, चालवायचो. एका संध्याकाळी मध्येच एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये जाऊन आरएमने तिथलं सगळं पुसलं, मुख्य फोल्डरमध्ये परत आलो आणि नेहमीप्रमाणे !आर, एंटर. अलीकडची 'आर'वाली कमांड आता आरएम होती. पूर्ण ओळ समोर उमटली खरी, पण ती वाचेपर्यंत फोल्डर रिकामं झालेलं. बॅकअप आदल्या रात्रीचा. माझं आणि दोन सहकाऱ्यांचं दिवसभराचं काम गेलं. त्या दोघांना फोन करताना आवाज फुटत नव्हता.

तेव्हापासून प्रत्येक मशीनवर बॅशचं हिस्टव्हेरिफाय हे सेटिंग चालू करतो. मग एंटरनंतर कमांड लगेच चालत नाही, नुसती प्रॉम्प्टवर, म्हणजे लिहायच्या ओळीवर येते. नीट वाचायची, मग दुसऱ्यांदा एंटर. जुनी कमांड शोधायची असेल तर कंट्रोल-आर त्या उद्गारचिन्हाहून बरं, कारण ओळ आधी दिसते. फक्त सापडल्यासापडल्या एंटर ठोकू नका.

*

मनगटं दुखायला लागली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हाताची ठेवण पाहून विचारलं, "करंगळी इतकी का वाकवता?" कंट्रोलसाठी. घरी येऊन कॅप्सलॉकचं कंट्रोल करून टाकलं. नंतर कळलं की प्रोग्रॅमर बिल जॉय यांनी ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर (तेव्हा टर्मिनल म्हणजे पडदा-कीबोर्डचं वेगळं यंत्र) व्हीआय हा एडिटर लिहिला, त्यावर कंट्रोलची कळ तिथेच, ए-च्या डावीकडे होती. होम डिरेक्टरीसाठी, म्हणजे आपल्या मुख्य फोल्डरसाठी, आपण ~ लिहितो तेही त्याच कीबोर्डवरून आलेलं, होमची कळ आणि ते चिन्ह एकाच जागी होतं. कंट्रोल हवं होतं तिथेच होतं, हे कळल्यावर फार बरं वाटलं.

*

मी जर्मनीत असते. इथल्या कीबोर्डवर वाय आणि झेडची अदलाबदल आहे. चालू काम थांबवायला कंट्रोल-झेड दाबावं तर सवयीने बोट वायवर पडतं. महिरपी कंसाला तर ऑल्ट-जीआर आणि ७. शेवटी लेआउट भारतातलाच ठेवला, कळांवर छापलेलं काहीही असो.

*

आमच्याकडे जुन्या मासिकांचे स्कॅन केलेले अंक आहेत, फाइलींची नावं मराठीत. टर्मिनलमध्ये काना-मात्रा-वेलांटी आली की कर्सर दिसतो एकीकडे आणि खोडलं जातं दुसरीकडे. त्यामुळे नाव टाइप करायच्या फंदातच पडत नाही. 'दि' लिहून टॅब दाबायचा, 'दिवाळी' येतं. मधल्या मोकळ्या जागेआधी लागणारा उलटा तिरपा दंडही टॅबच घालतो. एलएस या फाइली दाखवणाऱ्या कमांडने फाइल एकदा पाहून घेतली, की पुढच्या कमांडमध्ये ऑल्ट धरून टिंब दाबायचं, शेवटचं नाव जसंच्या तसं खाली येतं. काल दुपारी एका वर्षाचे बारा अंक लावले, बाराही नावांत एकदासुद्धा बाणाची कळ लागली नाही.