मदत हवी आहे: पित्तनलिकेतल्या साध्या वाटणाऱ्या (कॅन्सर नसलेल्या) गाठीची बायोप्सी जवळपास कुठे?
रत्नागिरीकडचा पेशंट, वय ५२. कावीळ चढते-उतरते, दुखत नाही. लघवी कोऱ्या चहासारखी, शौच पांढुरकं, अंगभर खाज. (आधी पंधरा दिवस झाडपाला झालाच, नेहमीप्रमाणे.) बिलिरुबिन (काविळीचं रक्तातलं प्रमाण) ९, बहुतेक डायरेक्ट, म्हणजे पित्ताची वाट अडल्यावर वाढतं ते. मुख्य पित्तनलिकेत १२ मिमीची गाठ, वरच्या नळ्या फुगलेल्या, खडा नाही. एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) स्टेंटच्या, म्हणजे नळी उघडी ठेवायला आत घातलेल्या बारीक नळीच्या, आधी झाली ते बरं. नंतर चित्र बिघडतं.

ब्रशने नळीतून खरवडून घेतलेल्या नमुन्यात कॅन्सरपेशी नाहीत, पण तेवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. सीए १९-९ (कॅन्सरची शंका घ्यायला लावणारी रक्ततपासणी) वाढलंय. ते नुसत्या तुंबलेल्या पित्तानेही वाढतं. ॲडिनोमा (कॅन्सर नसलेली गाठ) वाटतोय. खरवडला तर पुन्हा उगवू शकतो, म्हणून तेवढी नळी काढून वरचं टोक आतड्याला जोडायचा विचार आहे.

कोल्हापूर किंवा गोव्यात कोलँजिओस्कोपीने (पित्तनलिकेत दुर्बीण घालून) थेट तुकडा कुठे घेतात? आणि ऑपरेशन चालू असताना फ्रोझन सेक्शन (तुकडा गोठवून लगेच तपासणी) कुठे मिळेल?