पहिलीच्या प्रवेशासाठी दिव्यांग प्रमाणपत्र आधी हवे का?

प्रश्न (एक आई, कोरेगाव तालुका, जि. सातारा)

माझ्या मुलाला जूनमध्ये सहा वर्षे पूर्ण होतील. तो उशिरा चालू लागला, अजून दोन-तीन शब्दांचीच वाक्ये बोलतो, पेन्सिल मुठीत धरतो आणि शर्टाची बटणे त्याला लावता येत नाहीत. अंगणवाडीत आलेल्या वैद्यकीय पथकाने विकासातील विलंबाची नोंद करून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. जवळच्या शाळेत मात्र ‘आधी प्रमाणपत्र आणा, नाहीतर विशेष शाळेत घाला’ असे सांगण्यात आले. दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांहून कमी आले तर काहीच मिळत नाही, असेही ऐकते. सुरुवात कोठून करावी?

उत्तर (निवृत्त विशेष शिक्षिका, कराड)

ताई, प्रवेश, उपचार आणि प्रमाणपत्र ही तीन कामे एकमेकांसाठी अडवून ठेवू नका. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क 2009 च्या कायद्याने दिला आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची अट नाही. उलट, प्रवेशाच्या वेळी मुलाची चाचणी घेण्यास त्याच कायद्यात मनाई असून पहिल्या उल्लंघनाला पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. मुख्याध्यापकांशी वाद घालण्याऐवजी प्रवेशाचा लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या. नकार द्यायचा असल्यास तोही लेखी द्यावा, एवढे शांतपणे म्हणा. माझ्या अनुभवात बहुतेक नकार याच टप्प्यावर विरघळतात. तसे झाले नाही, तर तीच पोच जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक गट साधन केंद्रातून शाळांना भेटी देतात, म्हणून मुलाचे नाव तेथे नोंदले गेले आहे का, हेही विचारून या.

चाळीस टक्क्यांविषयी अर्धेच सांगितले जाते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सहा ते अठरा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाचे कलम चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी आहे. पण भेदभाव न करता प्रवेश देण्याचे शाळांचे कर्तव्य त्या टक्केवारीला बांधलेले नाही.

उत्तर (साताऱ्यातील पालक)

चिठ्ठी हातात आहे, तर साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात, आधी जा. ती तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली असणार. त्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची पाहणी होते आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. श्रवण तपासणी अवश्य मागा. कमी ऐकू येणारे मूल ‘उशिरा बोलते’ म्हणून वर्षानुवर्षे चुकीच्या खात्यात पडून राहते. वाचा उपचार आणि हाताच्या सूक्ष्म हालचालींचे व्यायाम घरी कसे घ्यायचे, ते तेथेच लिहून घ्या. दर आठवड्याला एसटीने साताऱ्याला येणे शेतीवाल्या घराला परवडत नाही. प्रमाणपत्राचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर भरता येतो. लहान वयातले प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचे असते, त्यामुळे नूतनीकरणाची तारीख कोठेतरी ठळक लिहून ठेवा.

उत्तर (एका मुलीचे वडील, वाई)

विशेष शाळेचे नाव काढले की आपण लगेच अपमान मानतो, ते मला पटत नाही. आमची मुलगी तेथे जेवायला आणि कपडे घालायला शिकली. गावच्या शाळेत एका शिक्षकाकडे दोन वर्ग होते, तेथे तिच्याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. पण ती निवड आमची होती, शाळेने ढकलल्यामुळे केलेली नव्हती. आपण दोन्ही शाळा एकदा स्वतः पाहाव्यात.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांची आभारी आहे. अर्जात निदान लिहायचे का, हे कोणी सांगेल का?

उत्तर (निवृत्त विशेष शिक्षिका, कराड)

निदानाचा शब्द नसला तरी चालेल, गरज लिहा. ‘सूचना एकेक करून सांगावी, पुढच्या बाकावर बसवावे, शौचालयाला जाण्यास मदत लागते’ अशी तीन-चार वाक्ये पुरेत. वर्गशिक्षिकेला उद्या सकाळी त्यांचाच उपयोग होतो. चिठ्ठीची छायाप्रत जोडा, मूळ कागद कोणालाही देऊ नका.