स्पाइक मिलिगनला नगरचा म्हणायचं का?

भिंगारवाला

१६ एप्रिल १९१८ रोजी आमच्या नगरात, रॉयल आर्टिलरीतल्या एका आयरिश सैनिकाच्या घरी मुलगा झाला. नाव ठेवलं टेरेन्स ॲलन. हाच पुढचा स्पाइक मिलिगन. बीबीसी रेडिओवर १९५१ ते १९६० चाललेल्या 'द गून शो' या विनोदी कार्यक्रमाचा मुख्य लेखक आणि त्यातल्या निम्म्या चित्रविचित्र आवाजांचा मालक. पीटर सेलर्स आणि हॅरी सीकूम हे त्याचे जोडीदार. बीटल्समधला जॉन लेनन या कार्यक्रमाचा भक्त होता, राजपुत्र चार्ल्सही होता.

नगरच्या शाळेत दहा वर्षं काढली, पण हे नाव मला कोणी सांगितलं नाही. पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याच्या युद्धाच्या आठवणींचा एक भाग हाती लागला. मलपृष्ठावर 'जन्म: अहमदनगर' वाचलं आणि तिथेच उभ्या उभ्या निम्मं पुस्तक संपवलं.

माझं म्हणणं असं की त्याचा विनोद इथे घडला. लहानपणी तो नगर, पुणे आणि रंगून इथे वाढला. इंग्लंडला गेला तो त्यानंतर, १९३० च्या दशकात. घरात बापाची आयरिश ढंगाची इंग्रजी, नोकरांशी हिंदुस्तानी, आणि बराकीत सैनिकांची भेसळ बोली. त्या बोलीत 'विलायती'चं 'ब्लायटी' झालं होतं आणि 'देखो'चं 'डेको'. अशा घरातल्या मुलाला शब्दाचा अर्थ नंतर कळतो, आधी त्याचा नाद कानात बसतो. त्याची 'निंग नँग नाँग' ही बालकविता १९९८ मध्ये ब्रिटनमधली सर्वात आवडती विनोदी कविता ठरली. तिच्यात नादाखेरीज काही नाही, आणि तरी ती पोरांच्या तोंडून सुटत नाही.

म्हणून सुचवतो: दर १६ एप्रिलला नगरच्या एखाद्या वाचनालयात त्याच्या लेखनाचं जाहीर वाचन व्हावं. तो आपलाही आहे, हे आपण म्हणायला हवं.

लेस्टरवासी

तुमचा आनंद कळतो, पण मला हे पटत नाही. का, ते जरा सविस्तर लिहिते.

मी १९७१ साली नऊ वर्षांची असताना इंग्लंडात आले. १९७५ मध्ये मिलिगनच्या 'क्यू सिक्स' या बीबीसीवरच्या मालिकेत एक प्रसंग दाखवला गेला. 'डॉक्टर हू' या टीव्ही मालिकेतला डालेक, म्हणजे यंत्राच्या डब्यातला तो राक्षस, डोक्याला फेटा बांधून पाकिस्तानी गृहस्थ म्हणून घरी येतो. घरातल्या कुत्र्याला उडवतो आणि बायकोला सांगतो, करीत टाक. दुसऱ्या दिवसापासून माझ्या वर्गात माझा डबा उघडला की हेच वाक्य यायचं, त्याच ठेक्यात. शाळेचं नाव घेत नाही. तशा शाळा गावोगाव होत्या. मी डबा न्यायचा सोडला. आई भाजी-पोळी देत राहिली आणि मी ती बसस्टॉपमागे टाकत राहिले. अन्न टाकल्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याआधी १९६९ मध्ये 'करी अँड चिप्स' नावाची मालिका आली होती. चेहऱ्याला तपकिरी रंग लावून मिलिगननं अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी असा कारखान्यातला कामगार केला. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटिश खासदार इनॉक पॉवेलनं बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं होतं. त्या हवेत ही मालिका आली. सहा भागांनंतर नियामक मंडळानंच ती थांबवायला लावली. आणि माझ्या लेस्टरचं सांगायचं तर, युगांडाचा हुकूमशहा इदी अमीननं १९७२ मध्ये हाकललेल्या आशियाई लोकांनी इथे येऊ नये म्हणून इथल्या पालिकेनं युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. आमच्यावर हसणं तेव्हा फुकट होतं, त्याची किंमत आम्ही मोजत होतो.

ज्यानं आमच्या उच्चारावर पोट भरलं, त्याचं वाचन आम्ही का करायचं?

रेडिओवेडा

लेस्टरवासी ताई, तुमचा अनुभव खोडून काढायचा माझा हेतू नाही, तो अधिकारही नाही. पण 'उच्चारावर पोट भरलं' हे त्याच्या सगळ्या कामाला लावणं अन्याय आहे. मी 'गून शो'चे भाग वर्षानुवर्षं ऐकतोय. त्यात भारतावरचा सर्वात जबर वार कोणावर आहे? मेजर डेनिस ब्लडनॉकवर. हिंदुस्तानातल्या फौजेचा हा अधिकारी भित्रा, लाचखाऊ, पैशासाठी कोणालाही विकायला तयार, आणि करी खाऊन पोट कायमचं बिघडलेलं. त्याच्या पोटातल्या गडगडाटाचा आवाज बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपनं खास तयार केला, त्या विभागाच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी तो एक. आवाज सेलर्सचा होता, पण ते पात्र मिलिगनच्या डोक्यातून आलं.

आता विचार करा, हे कोण लिहू शकलं असतं? ऑक्सफर्डहून थेट लंडनला आलेल्या लेखकाला साहेबाची ही आतली बाजू दिसली नसती. मिलिगनचा बाप अधिकारी नव्हता. छावणीत अशा घरातलं पोर साहेबाच्या बंगल्याबाहेर उभं राहायचं आणि सगळं बघायचं. साम्राज्य गेल्यावर चारच वर्षांनी बीबीसीच्या घराघरांतल्या रेडिओवर साम्राज्याच्या वर्दीतला माणूस हास्यास्पद करून दाखवणं सोपं नव्हतं. ऐकणाऱ्यांतले कितीतरी जण नुकतेच ती वर्दी उतरवून आले होते.

'करी अँड चिप्स'बद्दल एक दुरुस्ती. ती जॉनी स्पाइटनं लिहिली होती, आणि कारखान्यातल्या गोऱ्यांचं अज्ञान उघडं पाडायचं हा त्याचा हेतू होता. हेतू फसला, हे मान्य. आणि १९६९ चं नाव काढलंच आहे तर त्याच वर्षीची मिलिगनची 'क्यू फाइव्ह'ही आठवा. प्रसंगाला शेवट नाही, मध्येच सोडून पुढे जायचं, ही रीत त्यानं 'मॉंटी पायथन' या विनोदी मालिकेच्या काही महिने आधी पडद्यावर आणली. त्या मालिकेचा दिग्दर्शक इयन मॅकनॉटन पुढे पायथनकडे गेला.

किल्ल्याजवळ

मला वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. जन्म कुठे झाला यावरून माणूस 'आपला' ठरत नाही. छावणी नगरात होती, पण छावणी म्हणजे नगर नव्हे. तिथल्या गोऱ्या मुलांची शाळा, बाजार, देऊळ सगळं वेगळं. गावाचा त्यांच्याशी संबंध धोबी, आया, खानसामा, भिस्ती एवढाच.

ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात डांबलं. नेहरूंनी आपला भारताच्या शोधाचा ग्रंथ तिथेच लिहिला. मिलिगन तेव्हा त्याच साम्राज्याच्या तोफखान्यात होता, १९४३ च्या सुरुवातीला तो उत्तर आफ्रिकेत उतरला. मी त्याला दोष देत नाही, तो हिटलरशी लढत होता. पण नगरनं कोणाची आठवण जाहीरपणे काढायची, असा प्रश्न आला की माझं बोट किल्ल्याकडे जातं. आपल्याकडे जन्मलेला कोणी बाहेर मोठा झाला की आपण त्याच्या मागे 'मूळचा इथला' म्हणून धावतो. त्यात आपलाच कमीपणा दिसतो.

भिंगारवाला

किल्ल्याजवळ, नेहरूंची आठवण आणि मिलिगनचं वाचन यांत एक निवडायला कोणी सांगितलंय? आणि 'बाहेर मोठा झाला' म्हणता, पण बाहेरही त्याला कोणी पुरता आपला म्हटलं नाही, हे बघा.

१९६२ मध्ये ब्रिटननं राष्ट्रकुलातल्या स्थलांतरितांना आवर घालणारा कायदा केला. रोख होता तो भारत, पाकिस्तान, वेस्ट इंडीजहून येणाऱ्यांवर. त्या कायद्याच्या कचाट्यात हा गोरा माणूसही सापडला, कारण बाप आयरिश आणि जन्म नगरचा. ब्रिटनसाठी तो लढला होता, इटलीत जखमी झाला होता, आणि पासपोर्टसाठी राणीशी निष्ठेची शपथ घ्या म्हणून सांगण्यात आलं. त्यानं नकार दिला आणि आयरिश नागरिकत्व घेतलं. म्हणून २००१ मधला त्याचा 'सर' मानद राहिला. २००२ च्या फेब्रुवारीत तो ८३ वर्षांचा होऊन वारला. विंचेल्सीच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. 'मी आजारी आहे म्हणून सांगितलं होतं ना' हे थडग्यावर कोरायचं होतं. चर्चच्या अधिकाऱ्यांनी इंग्रजीत कोरू दिलं नाही, शेवटी ते आयरिश भाषेत कोरलं. मेल्यावरही भाषेवरून घासाघीस!

लेस्टरवासी ताई, तुम्ही लिहिलेला डालेकचा प्रसंग मी काल शोधून पाहिला. दोनदा पाहिला. त्याची बाजू घेणारं वाक्य मला सुचलं नाही. जो स्वतः पासपोर्टच्या खिडकीवरून परत पाठवला गेला, त्यानं तेरा वर्षांनी दुसऱ्या परत पाठवल्या जाणाऱ्यांवर तो प्रसंग लिहावा, हे मला खरंच लागलं.

साताऱ्याचा डॉक्टर

मी मानसोपचार करतो, म्हणून एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. जानेवारी १९४४ मध्ये इटलीतल्या कासिनोच्या आघाडीवर तोफेच्या माऱ्यात मिलिगन जखमी झाले आणि मनानं कोसळले. तेव्हा त्यांना उपचारापेक्षा आधी कमीपणा मिळाला, बढती काढून घेतली गेली. पुढे रेडिओसाठी दर आठवड्याला नवा भाग लिहायचा, वर्षाला पंचवीस-तीस. १९५२ च्या अखेरीस ते पुन्हा कोसळले, रुग्णालयात ठेवावं लागलं. नंतर आयुष्यभर आजाराचे चढउतार होत राहिले.

त्या पिढीतल्या पुरुषानं, तेही नामवंतानं, आपला आजार उघड सांगणं ही मोठी गोष्ट होती. मानसोपचारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्याबरोबर त्यांनी नैराश्यावर पुस्तक केलं. इंग्रजीत डोकं फिरण्याला 'डूलॅली' म्हणतात. तो शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. बोटीची वाट बघत छावणीत अडकलेले सैनिक उन्हानं आणि रिकामपणानं बिथरायचे. त्यावरून तो आला. माझ्या दवाखान्यात आजही लोक मागच्या दारानं येतात. मिलिगन यांचं काही वाचायचंच असेल तर त्यांनी आजाराबद्दल लिहिलेलं वाचा.

फक्त 'वेडामुळेच एवढा विनोद सुचला' असं व्यासपीठावरून कृपया कोणी म्हणू नये.  

लेस्टरवासी

डॉक्टर, हे मला माहीत नव्हतं, आणि ते वाचून थांबले थोडी. पण आजारानं माणसाला सहानुभूती मिळते, त्याच्या लिखाणाला माफी मिळत नाही.

देवळालीचं नाव निघालं म्हणून सांगते. १९७४ पासून बीबीसीवर देवळालीच्या छावणीत घडणारी एक विनोदी मालिका लागायची. तिच्यातला मुख्य हिंदी बेअरर एका गोऱ्या नटानं रंग लावून केला होता. म्हणजे मिलिगन एकटा नव्हता, हे रेडिओवेडा म्हणण्याआधी मीच म्हणते. सगळी हवाच तशी होती. पण हवा तशी होती म्हणून श्वास आम्हीच कोंडून धरायचा का?

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर मी खोटी ठरेन. माझे वडील देवळालीला लष्कराच्या हिशेबखात्यात होते. ब्रिटिश असतानाच लागले होते. इंग्लंडात आल्यावर 'गून शो'चे जुने भाग रेडिओवर पुन्हा लागायचे, ते ऐकत बसायचे. मेजर ब्लडनॉक बोलायला लागला की हसून हसून डोळे पुसायचे. म्हणायचे, अगं, हा माणूस मला माहितीये, यानंच माझी रजा नाकारली होती. आमच्या त्या घरात वडिलांना इतकं मोकळं हसताना मी दुसऱ्या कशावर पाहिलं नाही. त्यांना ते सूड घेतल्यासारखं वाटत असावं. त्याच खोलीत, त्याच माणसाच्या टीव्हीवरच्या प्रसंगानं माझा डबा हिरावला. दोन्ही खरं आहे आणि मला ते एकमेकांत विरघळवता येत नाही.

रेडिओवेडा

ताई, तुमच्या वडिलांचं वाचून मी माझ्या पहिल्या उत्तरातलं 'हेतू फसला, हे मान्य' हे वाक्य पुन्हा वाचलं. फार घाईत मान्य केलं होतं. रेडिओवर पात्राचा रंग दिसत नव्हता, पण आवाज होताच. लालकाका आणि बॅनर्जी ही दोन हिंदी पात्रं सेलर्स आणि मिलिगननंच केली होती. मला ती आवडतात. पण का आवडतात, याचं उत्तर आता पूर्वीइतकं झटकन देता येणार नाही.

किल्ल्याजवळ

माझं मत कायम आहे. वाचनाला यायला माझी हरकत नाही, पण 'नगरचा सुपुत्र' असं पत्रिकेवर छापलंत तर येणार नाही.

भिंगारवाला

नाही छापणार. 'नगरात जन्मलेला' एवढंच छापू, ते नाकारता येत नाही.

लेस्टरवासी ताई, कार्यक्रमाचं डोक्यात असं आहे: ब्लडनॉकचा एक प्रवेश, युद्धाच्या आठवणींतली काही पानं, डॉक्टर म्हणतात तसं आजाराबद्दलचं. 'निंग नँग नाँग' मराठीत करायचा दोनदा प्रयत्न केला. शब्द आले, नाद पळाला, तेव्हा ती मूळ इंग्रजीतच पोरांकडून म्हणवून घेऊ. आणि तुमची हरकत नसेल तर १९७५ चा प्रसंग तुमच्या शब्दांत हवा. तो मी स्वतः वाचेन, एक शब्द न गाळता.

लेस्टरवासी

पाठवते. वडिलांचंही लिहून पाठवते. पण वाचाल तर दोन्ही एकामागून एक वाचा. आधी वडिलांचं, मग डब्याचं. मध्ये टाळ्या नकोत.